कुलपे आणि पत्रिका

माणूस आतल्या ऐवजाविषयी एक वेळ गप्प बसेल, पण आपल्या कुलपाची बढाई मारल्यावाचून त्याला राहवत नाही. संगणकाच्या बाबतीत तर ही बढाई भाऊबंदकीपर्यंत जाते. आमच्या घरातच तीन पक्ष आहेत: थोरला मॅकवाला, धाकटा लिनक्सवाला, आणि मी आपला जुन्या वळणाचा विंडोजवाला.

मॅकला व्हायरस शिवत नाही, असे थोरल्याचे मत. २०१२ साली ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅकना ग्रासले होते, हे तो कानाआड करतो. लिनक्सचा सारा कारभार उघडा, म्हणून तो निर्धोक, असे धाकटा म्हणतो. पण २०२४ साली लिनक्सबरोबर येणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामात कोणी चोरदरवाजा बसवलाच! लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा एका अभियंत्याला संशय आला, म्हणून तो सापडला. माझ्या विंडोजने तर मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’पायी जगभर मार खाल्ला. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. कित्येकांनी ती बसवलीच नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. ते पत्रिकेचे सोंग घेतलेले ‘एपीके’, म्हणजे ॲपच होते. ती उघडली, आणि खात्यातले १ लाख ९० हजार रुपये गेले. कोणाच्या संसारातली किती दिवसांची ही पुंजी!

एपीके चालते अँड्रॉइडवर, आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच असतो. तो प्रत्येक ॲपला वेगळ्या खोलीत ठेवतो. बाहेरचे ॲप आत घेऊ का, असे विचारतोही. आयफोन आपल्याकडे सहसा तेवढीही मोकळीक देत नाही. म्हणजे फरक आहे. पण रखवालदार कितीही कडक असला, तरी धन्यानेच आतून कडी काढल्यावर तो बिचारा काय करणार? आणि लग्नाच्या आमंत्रणाला नाही म्हणायला आपल्याला कोणी शिकवले आहे? चोराने आमचे कुलूप नव्हे, आमची रीत हेरली.

हिंगोली हा हळदीचा जिल्हा. कोपऱ्यांना हळद लावलेली पत्रिका हाती येई, तेव्हा ‘कोणाकडचे कार्य?’ हे आपण आधी विचारत असू. फोनवरची पत्रिका उघडण्यापूर्वी तेवढेच, धाडणाऱ्याला फोन करून, विचारावे. या एका ठरावावर आमच्या घरातले तिन्ही पक्ष एकमताने सही करतील, असा मला भरवसा आहे.