नस सुजली म्हणजे काय?

‘नस’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. मान अवघडली की नस आखडली, हाताला मुंग्या आल्या की नस दबली. शाळेच्या पुस्तकात रोहिणी, नीला आणि चेता हे तीन वेगळे शब्द आहेत. उर्दूत शिरयान, वरीद आणि असब. घरात मात्र तिन्हींना एकच नाव आणि उपायही एकच : तेल लावून चोळा.

मुळशी तालुक्यातल्या मालेला माझी खालाजाद बहीण राहते. तिच्या शेजारची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. विसाव्या दिवशी तिची डावी पोटरी सुजली, गरम लागू लागली. नस चढली म्हणून तेल कोमट करायला ठेवले, तेवढ्यात बहिणीने मला फोन केला. वर्गात तासन्‌तास उभी राहून माझ्याही पायांच्या नसा फुगलेल्या. डॉक्टरांनी बजावलेले एक वाक्य लक्षात होते. मी विचारले, ‘‘एकच पाय सुजलाय की दोन्ही?’’ एकच. मग चोळू नका, आत्ताच निघा, म्हटले. पौडमार्गे पुणे गाठले. डॉपलर सोनोग्राफीत खोल नीलेत रक्ताची गुठळी दिसली. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने सुरू झाली. आज ती बरी आहे.

नीलेचा दाह दोन जागी होतो. कातडीलगतच्या नसेत झाला तर लाल, दुखरी दोरी हाताला लागते. सलाईनच्या सुईनंतर अनेकांनी ती पाहिली असेल. डॉक्टरांना दाखवावीच, पण बहुधा ती शेकाने, औषधाने बसते. खोल नसेतली गुठळी मात्र दिसत नाही, फक्त पाय सुजतो. ती सुटली तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातून थेट फुफ्फुसात जाते. उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारी रक्ताची ही वाट इब्न नफीस यांनी 1242 मध्येच लिहून ठेवली होती.

गुठळी का होते? जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने तीन कारणे सांगितली जातात : रक्त मंदावणे, नसेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे. आता बाळंतीण डोळ्यांपुढे आणा. प्रसूतीत रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून गरोदरपणातच तिचे रक्त लवकर गोठू लागते. सिझेरियन असेल तर जखम आहे. त्यात आपण तिला खाटेवरून उठू देत नाही आणि पाणीही मोजून देतो. हा धोका साधारण सहा आठवडे राहतो, म्हणजे नेमका आपला चिल्ला, आपला सव्वा महिना!

आराम हवाच, तो तिचा हक्क आहे. पण घरातल्या घरात तिला चालू द्या, पोटभर पाणी द्या. एकच पाय सुजला तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली, छातीत दुखले, तर कोणाला विचारत बसू नका. 108 ला फोन लावा.