आजीचा साबण

आमचं घर भोरला आणि आजी वेल्ह्याजवळच्या एका वाडीत, तोरण्याच्या पायथ्याशी. मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, भाताची लावणी चाललेली. चिखलाचे पाय परसातल्या धुण्याच्या दगडावर घासले आणि साबणाची वडी तिथेच पाण्यात टाकून मी पळालो. सांजेला आजी त्या दगडावरून घसरली. मनगट मोडलं. ऐन लावणीत तिचा हात गळ्यात! साबण कुणी टाकला, हे कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

पुढे पुण्याला कॉलेजात ‘द्रव स्फटिक’ शिकलो. स्फटिकात कण आपापली जागा धरून बसतात, द्रवात वाटेल तसे फिरतात. द्रव स्फटिक या दोघांच्या मधला. १९२२ साली जॉर्ज फ्रीडेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याच्या जाती पाडल्या. थर असलेल्या जातीला त्यानं नाव दिलं ‘स्मेक्टिक’. कशावरून? साबणाच्या ग्रीक शब्दावरून! वाचलं आणि पोटात गोळाच आला.

हे थर कसे, ते तोरण्यावर चढलात तर दिसेल. उतारावर भाताची खाचरं एकाखाली एक. आता अशी कल्पना करा, की रोपं आपल्या खाचरात हवी तशी हिंडतात, पण सहसा दुसऱ्या खाचरात जात नाहीत. झालं स्मेक्टिक! रोपं ताठ उभी असली तर स्मेक्टिक ए, वाऱ्यानं सगळी एका अंगाला कलली तर स्मेक्टिक सी. खाचरंच नसली, नुसती सगळ्यांची दिशा एक, तर ते नेमॅटिक. आपल्या कॅल्क्युलेटरच्या काचेत असतं ते.

साबणाच्या रेणूला डोकं आणि शेपूट असतं. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला मुळीच नाही. म्हणून भिजलेल्या वडीवरच्या बुळबुळीत लगद्यात रेणू शेपटाला शेपूट लावून दुहेरी थर करतात, आणि दोन थरांच्या मधे पाण्याचा पातळ पापुद्रा. कागदाच्या जाडीत असे हजारो थर मावतील. पाय पडला की एका थरावरून दुसरा सरकतो. त्यात माणसाचा काय पाड लागणार!

त्या दिवाळीत आजीकडे गेलो. हे सगळं तिला सांगायचंच होतं. चुलीपुढं बसून, हातानं थर करून दाखवत सांगितलं. बोलण्याच्या भरात म्हणालो, “म्हणून तर मी टाकलेल्या साबणावरून तुझा पाय...”

आजीनं फुंकणी खाली ठेवली.

“म्हंजी तू टाकला व्हतास व्हय रं?”

मी मान खाली घातली.

“आन् मला वाटायचं, मीच इसरले. म्हातारपण आलं म्हनून.”

परसात जाळीच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला साबण मी इतकी वर्षं बघत होतो. तो तिनं तिथं का टांगला, हे मला त्या दिवशी कळलं.