जेवणानंतर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईला अक्षरओळख नाही. औषधाची पुडी हातात घेऊन ती विचारायची, "पोरी, ही जेवणाआधी का नंतर?" आणि मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "किती वेळा सांगायचे तुला?"

यंदा शिष्यवृत्तीवर एक सत्र जपानला, क्योतोत शिकायला मिळाले. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिपींची ४६-४६ अक्षरे घोकून गेले होते. क्रियापद वाक्याच्या शेवटी, अगदी मराठीसारखे; म्हणून धीर होता. पण नित्य वापरातील कांजींची सरकारी यादीच २,१३६ चिन्हांची!

दुसऱ्याच आठवड्यात ताप आला. औषधाच्या दुकानात खोक्यांच्या रांगांपुढे उभी राहिले, आणि एक चिन्ह लागेना. मोबाईलचा कॅमेरा खोक्यावर धरला तेव्हा कुठे अर्थ उमटला. जीव भांड्यात पडला, पण लाजही वाटली. मोबाईल नसता तर मी आणि आई यांत फरक तो काय?

त्या रात्रीपासून मोबाईलला मी पाटी केले. पडद्यावर बोटाने चिन्ह काढायचे आणि शब्दकोशाने ते ओळखेपर्यंत पुन्हा गिरवायचे. औषध म्हणजे 'कुसुरी'. त्याच्या चिन्हात वर गवताची खूण, खाली सुखाचे चिन्ह. झाडपाल्याने सुख, अशी मी मनाशी जुळणी केली आणि ते पक्के बसले. तिथे बसमध्ये फोनवर बोलायची रीत नाही. त्या शांततेत मी गिरवत बसे.

डिसेंबरात पुन्हा ताप आला. मोबाईलची बॅटरी संपलेली. औषधाच्या पाकिटावर दोन चिन्हे होती. पहिले जेवणाचे, दुसरे नंतरचे. 'शोकुगो'. जेवणानंतर! खोलीत एकटीच मोठ्याने वाचले आणि डोळे भरून आले. आईचा तो प्रश्न आठवला. त्याहून अधिक माझे उत्तर आठवले.

परत आल्यावर तोच मोबाईल आईच्या हाती दिला. "आता या वयात?" म्हणत ती हसली, पण पडद्यावर बोट फिरवू लागली. रोज एक अक्षर, भांडी घासून झाल्यावर.

परवा पुडीवरचा 'जे' तिने आपणहून ओळखला. पुढचे अक्षर मात्र अडले. तिने माझ्याकडे पाहिले.

या वेळी मी पुस्तक मिटले.