ओटा, सज्जा आणि मांजर

गोंदियाच्या गोरेलाल चौकाभोवतालच्या जुन्या बाजारपेठेत ज्या घरांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, त्या घरांना रस्त्यापासून दोन-तीन फूट उंचीचा ओटा असे. धानाची पोती जेथे तेथे उंदीर, आणि उंदीर जेथे तेथे मांजर, हा क्रम कोणी ठरविलेला नव्हता. मांजर कोणी मुद्दाम आणीत नसे. ते येऊन ओट्यावर बसे, दुकानातील मंडळी वाटीभर दूध ठेवीत, आणि चार-सहा महिन्यांत ते घरचे होई. ओट्यावरून पडल्याने त्याला इजा झाल्याचे सहसा ऐकिवात नव्हते. तेथील भय निराळे होते: मोकाट कुत्री, आणि पोती उतरवून झाल्यावर मागे सरणारा ट्रक, ज्याच्या चाकाच्या सावलीत दुपारी मांजर निजलेले असे.

पुढे पुष्कळ व्यापारी कुटुंबे बहुमजली इमारतींत राहावयास गेली. दुकान जुन्या जागी राहिले, मांजर मात्र सोबत गेले. ओटा गेला, सज्जा आला, आणि सज्जाला आता सारे बाल्कनी म्हणू लागले. मांजराची चिंता मात्र कोणी केली नाही, कारण मांजर चारही पायांवरच पडते अशी सर्वांची खात्री.

ही खात्री अर्धी खरी आहे. मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रे घेतली. हवेत कशाचाही आधार न घेता मांजर आधी शरीराचा पुढचा भाग वळविते आणि मग मागचा, हे त्यांतून दिसले. पिलांना ही कला साधारण सहा-सात आठवड्यांची होईपर्यंत साधते. परंतु वळणे निराळे आणि आघात सोसणे निराळे. उंचावरून येताना पुढचे पाय तो भार पेलू शकत नाहीत. हनुवटी आणि छाती जमिनीवर आदळते, जबडा फुटतो, टाळू दुभंगते, फुप्फुसाला मार बसतो.

न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे पाच महिन्यांत आली. त्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी उंची साडेपाच मजले, आणि उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. हा आकडा जगभर मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. ज्यांनी आयुष्यभर खातेवह्या तपासल्या आहेत त्यांच्या मात्र एक गोष्ट लगेच ध्यानी येईल. जी मांजरे जागीच मेली, त्यांना रुग्णालयात कोण नेणार? बुडालेली खाती वहीतून आधीच वगळून काढलेला हा वसुलीचा दर आहे. त्यावर विसंबून कठडा उघडा ठेवणे शहाणपणाचे नाही.

मांजराचा तोल सहसा जात नाही, जाते ते अवधान. जैन घरांत हा प्रसंग अधिक संभवतो, कारण सज्जाच्या कठड्यावर पाखरांसाठी दाणे टाकण्याची रीत घरोघरी आहे. एकाच कठड्यावर कबुतर आणि मांजर दोघांनाही बोलाविले, तर दोहोंपैकी एकाचा घात ठरलेला. त्यात वैदर्भीय उन्हाळ्याची भर. मार्च सरता सरता खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकला की त्या ओलसर, गार पेटीवर मांजर जाऊन बसते, आणि तेथून कठडा केवळ एका उडीवर असतो.

एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी नेमके हेच घडले. तिसऱ्या मजल्यावरच्या कूलरवरून मांजरीने कबुतरावर झेप घेतली आणि ती खालच्या पत्र्याच्या छपरावर आदळली. जबडा मोडला, जीव वाचला. सुनेने दुसऱ्याच दिवशी जाळी बसविण्याचा विषय काढला, तेव्हा वृद्ध सासूबाईंनी हरकत घेतली. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत पहिलाच बंध. मुक्या जिवाला जाळीत कोंडणे हा बंध नव्हे काय? सुनेने वाद घातला नाही. “बाळ रांगत होतं तेव्हा तुम्हीच ह्या कठड्याला पाट आडवे बांधायला लावले होते ना, आई?” एवढेच ती म्हणाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, परंतु दाण्यांचे ताट त्यांनी स्वतः उचलून गच्चीवर नेले.

सासूबाईंची शंका क्षुल्लक नव्हती. मांजराला दोरीने कठड्याशी बांधून ठेवणारी घरे आहेत. तो निःसंशय बंध आहे आणि घातकही, कारण उडी घेतली की ते गळ्याने लोंबकळते. न्हाणीघरात दिवसभर कोंडणेही तसेच. जाळीच्या आत मात्र ऊन, वारा, रस्त्याची वर्दळ सारे त्याच्या वाट्याला येते. नाकारले जाते ते केवळ पडणे, आणि पाखराला मारणे.

जाळी कोणती, हा प्रश्न दुकानदारावर सोपवू नये. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी उन्हाने कुजते आणि मांजर ती दातांनी तोडू शकते. इंचभर चौकटीची, वेल्ड केलेली तारेची जाळी अधिक टिकाऊ. ग्रिलच्या उभ्या गजांवर तर मुळीच विसंबू नये. मांजराच्या हंसळीचे हाड इतर हाडांशी जखडलेले नसते, त्यामुळे डोके शिरले की अंगही बहुधा मागोमाग निघते. आणि कूलरसाठी जाळीला पाडलेले खिंडार! पावसाळ्याच्या तोंडी कूलर उतरतो, खिंडार तसेच राहते, आणि कठड्याचा गुळगुळीत दगड पहिल्याच सरीने निसरडा होतो. कूलर उतरविला त्याच दिवशी ती जागा बुजवावी.

एवढे करूनही मांजर पडलेच, तर ते चालते-फिरते आहे म्हणून निश्चिंत राहू नये. छातीतील मार बाहेरून दिसत नाही. तोंड उघडे टाकून श्वास घेणे हे गंभीर लक्षण होय. दूध-पाणी न पाजता, फळीवर किंवा टोपलीत अलगद ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर सुमारे १३० किलोमीटरवर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घरातील पॅरासिटामॉलची गोळी दयेपोटीही देऊ नये. मांजराला ती विषासमान आहे.

दुकानाच्या ओट्यावर अजूनही मांजरे आहेत, आणि त्यांना जाळी लावता येत नाही. तेथे एवढेच करावे की ट्रक मागे घेण्यापूर्वी कोणी तरी खाली वाकून पाहावे आणि चाकाजवळ दोनदा हात आपटावा. मांजर उठते, आळस देते आणि ओट्यावर जाऊन बसते.