पाखराची जात

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तालुक्याला कर्ज काढून घर घेतलंय. मागं हातभर परस. वांग्याचे दोन वाफे आन एक लिंबोणी. बापजाद्यांना न मिळालेली जमीन ती एवढीच.

तिथं एक अनोळखी पाखरू यायला लागलं. बुलबुलाएवढं. डोकं राखाडी, पाठ तांबूस, शेपूट लांब, डोळ्यावरून काळी पट्टी. तारेवर दम धरून बसायचं, नजर जमिनीवर. एकदम खाली झेप. नाकतोडा चोचीत. मग लिंबोणीवर जाऊन तो काट्यात खुपसायचं, ओढून घट्ट करायचं आन फाडून खायचं. उरलेलं तिथंच टांगलेलं. दुसऱ्या दिवशी येऊन तेवढं संपवायचं.

शेजारच्या रिटायर मास्तरांना विचारलं, "सर, ह्याची जात कोणती?"

"खाटीक. नकल्या खाटीक. हाकला त्याला, घाण करतो."

पाखराची जात त्यांनी एका दमात सांगितली. माझी काढायला त्यांना दोन महिने लागले होते. आधी आडनाव, मग मूळ गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला.

पक्ष्यांचं पुस्तक आणून पाह्यलं. शिंपी, सुतार, तांबट, धोबी, खाटीक. पाखरांच्या मागंही अख्खा गावगाडा लावून दिलाय. वर आभाळात ब्राह्मणी घार. ती मेलेले मासे खाते, तरी नाव ब्राह्मणीच.

खाटीक काट्याला का टांगतो? ससाण्यासारखी पकड त्याच्या पायात नाही. म्हणून काट्यानं धरायचं, चोचीनं फाडायचं. उरलं ते पुढच्या भुकेला. ह्यात कसली घाण? पोट आहे.

आई मागच्या पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "आपल्या चान्या अशाच वाळायच्या रं दोरीवर." आन गप झाली.

१९२७ साली महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. आमच्या वस्तीनं उशिरा का होईना, सोडलं. नावं ठेवणारांनी नावं ठेवायचं सोडलं नाही.

दोस्तहो, खाटकाचं पिल्लू खाटीकच होणार. ते त्याच्या चोचीत आहे. माणसाच्या पोराच्या अंगात असलं काही नसतं. त्याची जात दुसऱ्याच्या तोंडात असते.

पाखरू मी हाकललं नाही. मास्तरांना सांगितलं, "सर, त्याला आन आम्हाला, दोघांनाबी इथंच ऱ्हायचंय."