राम फळ, रामफळ आणि फाईलच्या नावातली रिकामी जागा



पहिलीच्या मुलांना आपण रोज सांगतो, "दोन शब्दांत एक बोट जागा सोड." का सोडायची, हे समजवायला फळ्यावर दोन वाक्यं पुरतात. 'राम फळ खातो' आणि 'रामफळ खातो'. अक्षरं तीच, पण पहिल्यात खाणारा राम आहे आणि दुसऱ्यात राम स्वतःच खाऊन संपतो! पोरं हसतात आणि त्यांना जागेचं महत्त्व कळतं. जुन्या मोडी कागदांत शब्दांमध्ये अशी जागा सोडत नसत. वाचणारा जाणकार संदर्भावरून शब्द तोडायचा. संगणकाला असा संदर्भ लावता येत नाही, तो फक्त जागा बघतो.

आज हा विषय काढला, कारण आपल्यापैकी काही जण शाळेतल्या जुन्या संगणकावर लिनक्स वापरतात. फुकट आहे, जुन्या यंत्रावरही चालतं. फोटो पेनड्राईव्हवर घेणं, निकालपत्रकं वर्गवार लावणं, अशा कामांसाठी छोटी शेल स्क्रिप्टही लिहितात. शेल म्हणजे आपली आज्ञा वाचून संगणकाकडून काम करून घेणारा कार्यक्रम आणि स्क्रिप्ट म्हणजे अशा आज्ञांची ओळीने लिहिलेली यादी. (खाली आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, फाईलचं नाव मात्र मराठीत चालतं.)

आता आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सर्वांना माहीत आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून ते देशभर गाजलं. लेखा हे त्याच्या शेजारचं वेगळं गाव. समजा, तुमच्या संगणकात गावांच्या नावाचे फोल्डर आहेत, एक 'मेंढा लेखा' आणि दुसरा 'लेखा'. पहिल्याची प्रत घेऊन झाली, म्हणून तो काढून टाकायचा आहे. स्क्रिप्टमध्ये 'गाव' या चलात 'मेंढा लेखा' हे नाव ठेवलं आणि आज्ञा लिहिली:

आरएम -आर $गाव

शेल आधी $गाव च्या जागी नाव भरतं. मग रिकामी जागा दिसली की तिथे नाव तोडतं. आरएम ला एकाऐवजी दोन नावं मिळतात: 'मेंढा' आणि 'लेखा'. 'मेंढा' नावाचं काही सापडत नाही, त्याची तक्रार पडद्यावर येते. 'लेखा' मात्र सापडतो आणि पुसला जातो. जो काढायचा होता तो 'मेंढा लेखा' जागेवरच राहतो! आज्ञेत -एफ जोडलं असेल तर ती तक्रारही दिसत नाही.

आरएम ने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही, सरळ जाते. त्या फोल्डरमध्ये एखाद्या पालकाने दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला जाऊन आणलेल्या दाखल्याची एकुलती एक स्कॅन प्रत असेल, तर ती फेरी त्याला पुन्हा मारावी लागेल. एका रिकाम्या जागेची ही किंमत आहे.

मोठमोठ्या लोकांनाही हे चुकलेलं नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २ च्या इन्स्टॉलरमध्ये नेमकं हेच झालं. डिस्कच्या नावात रिकामी जागा असली की काही लोकांचा डेटा पुसला जाई. कंपनीला घाईने सुधारलेली आवृत्ती काढावी लागली. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्स प्रकल्पात तर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच मार्गाच्या मधे एक जागा जास्त सोडली आणि 'यूएसआर' हा सिस्टीमचा अख्खा फोल्डर पुसणारी आज्ञा तयार झाली.

उपाय काय? आपण भाषेच्या तासाला शिकवतो तोच, अवतरणचिन्ह!

आरएम -आर "$गाव"

दुहेरी अवतरणात ठेवलेलं नाव शेल तोडत नाही, अख्खं एक नाव धरतं. चल वापरला की अवतरण लावायचंच, ही सवय करून घ्या. एकेरी अवतरणाचा अर्थ वेगळा. त्यात $ चिन्हाचाही अर्थ जातो आणि '$गाव' हे जसंच्या तसं अक्षरशः घेतलं जातं. आणखी एक, व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून आज्ञा उचलाल तर वळणदार अवतरणं येतात. ती शेलला कळत नाहीत. सरळ अवतरण स्वतः टाइप करा.

बऱ्याच फाईलींवर एकच काम करायचं असेल तर असं लिहा:

फॉर फाईल इन *.जेपीजी; डू
सीपी -- "$फाईल" "$साठा"/
डन

इथे * चिन्ह प्रत्येक नाव अख्खं हाती देतं, 'ताडोबा सहल १.जेपीजी' सुद्धा. एलएस ची यादी घेऊन लूप चालवू नका, ती यादी पुन्हा जागेवर तुटते. दोन आडव्या रेघा कशाला? एखाद्या फाईलचं नावच आडव्या रेघेने सुरू होत असेल तर आज्ञा त्याला पर्याय समजते, ते टाळायला. फोल्डरांच्या आतले फोल्डर धुंडाळायचे असतील तर फाईंड ला -प्रिंट० आणि एक्सआर्ग्स ला -० द्या. तेव्हा नावं शून्य-अक्षराने वेगळी होतात. लिनक्समध्ये फाईलच्या नावात तिरपी रेघ आणि हे शून्य-अक्षर एवढी दोनच अक्षरं चालत नाहीत, म्हणून ही खूण कधीच फसत नाही.

पुसणारी स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवताना आरएम च्या जागी प्रिंटएफ '%एस\एन' लिहा. कोणती नावं जाणार ते एकेका ओळीवर दिसेल. एक नाव दोन ओळींत तुटलेलं दिसलं की तिथेच थांबा.

काही जण सांगतात, "नावात जागाच सोडू नका, खालची रेघ वापरा." स्वतःच्या फाईलींपुरतं हे बरोबर आहे. शाळेच्या फाईलींना तर यूडायस क्रमांक देता येतो. गडचिरोलीचे २७१२ ने आणि चंद्रपूरचे २७१३ ने सुरू होतात, अकरा अंक, कुठे जागा नाही. पण पालक मोबाईलवरून पाठवतात त्या फाईलींचं काय? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावांच्या नावांना माल, तुकूम, चेक, रिठ असे शब्द जोडलेले आहेत. नवेगाव पांडव आहे. मेंढा (लेखा) मध्ये तर कंसही आहे आणि आज्ञेत उघडा कंस लिहिला तर शेल तिथेच अडतं. अवतरणात ठेवला की तोही बिनबोभाट चालतो. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे तर तीन शब्दांचंच असणार.

यंत्राला सोयीचं पडावं म्हणून गावाचं किंवा मुलाचं नाव मोडायचं, हे मला पटत नाही. हजेरी घेताना आपण नाव पूर्ण आणि नीट उच्चारतो. स्क्रिप्टनेही तेवढं करावं. त्यासाठी दोन अवतरणचिन्हं लागतात, बस.

आज शाळा सुटल्यावर तुमची एखादी जुनी स्क्रिप्ट उघडा. जिथे जिथे $ दिसेल तिथे दोन्ही बाजूंना अवतरण आहे का, तेवढं तपासून बघा.