चादरींखालचं तळघर

दृष्टीविषयीच्या संशोधनाचा एखादा नवा निबंध उघडावा, तर लेखकांच्या नावांनीच पान भरलेलं असतं. अशा वेळी मला १९५९ सालचा एक निबंध हटकून आठवतो. मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्राच्या पेशींवरचा. त्यावर नावं दोनच : डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल. काम झालं स्टीफन कफलर यांच्या प्रयोगशाळेत, पण त्यांनी आपलं नाव त्यावर घातलं नाही. ज्यानं राबून प्रयोग केला, त्याचंच नाव. हा मोठेपणा आता फार विरळा झाला आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, विल्मर नेत्रसंस्थेच्या तळघरात १९५८ साली ही जोडी कामाला लागली. गुंगीतलं मांजर छताकडे तोंड करून ठेवलेलं. म्हणून चित्रंही छतावरच पाडायची. छताला पाइप आणि जळमटं, त्यामुळे पाइपांवरून चादरी टाकलेल्या. खोलीला सर्कशीच्या तंबूची कळा आलेली. टंगस्टनचा टोकदार इलेक्ट्रोड ह्यूबेलनं स्वतः तयार केलेला. शेजारच्या माउंटकॅसल या मेंदूशास्त्रज्ञांकडे पेशींच्या नोंदींचा केवढा तरी साठा होता, म्हणून या दोघांनी आपल्या पेशींचे क्रमांक थेट ३००० पासून सुरू केले! तरुण माणसांचा हा खट्याळपणा मला फार आवडतो.

मग तो प्रसिद्ध प्रसंग. काळा ठिपका असलेली काचपट्टी यंत्रात सरकवून ते एका पेशीला तासन्तास डिवचत होते. पेशी ढिम्म. आणि अचानक, इलेक्ट्रोडनं टिपलेले पेशीचे संदेश ऐकवणारा लाउडस्पीकर तडतडू लागला. ठिपक्यामुळे नव्हे, काच खाचेत सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली मांजराच्या दृष्टिपटलावरून गेली, त्या सावलीला पेशीनं जबाब दिला होता. तोही ती रेघ एका ठरावीक कोनात असली तरच. डोळ्यांपुढचं जग मेंदू आधी कडा आणि रेघांत मांडतो, हे त्या दिवशी त्यांच्या हाती लागलं. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं, रॉजर स्पेरी यांच्याबरोबर.

आम्ही हे वाचलं ते सायंटिफिक अमेरिकनच्या सप्टेंबर १९७९ च्या मेंदू-विशेषांकात. अंक हातोहात फिरून खिळखिळा झालेला. आमच्या मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला तेव्हा टॅकिस्टोस्कोप असे. डोळे खोक्याच्या तोंडाला लावून बसायचं, आत कार्ड सरकवलं जायचं, क्षणभर उजेड आणि पुन्हा अंधार. दिसलं ते वहीत पेन्सिलीनं लिहायचं. आता हेच काम लॅपटॉप करतो, आणि कितीतरी अचूक करतो.

आजची साधनं पाहिली की छाती दडपते. २०१७ साली आलेल्या न्यूरोपिक्सेल्स या इलेक्ट्रोडच्या केसासारख्या बारीक सळईवर ९६० नोंदबिंदू असतात, त्यांतले ३८४ एकाच वेळी ऐकता येतात. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूत चेहऱ्यांना खास जबाब देणारा भाग दाखवला तो एमआरआयच्या साहाय्यानं, कवटीला धक्काही न लावता. यातलं काही नसतं तर बरं होतं, असं मी स्वप्नातही म्हणणार नाही.

जुन्या काळाची किंमतही मोठी होती. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा शिवून ठेवला, तर पुढे तो उघडूनही मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला जबाब देत नाहीत, हे याच जोडीनं १९६३ मध्ये दाखवलं. वाचताना पोटात कालवतं. पण जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया लवकर करायची, यामागचं शास्त्रीय बळ त्याच कामातून आलं. आणि ज्यांच्यापर्यंत डॉक्टर वेळेत पोचलेच नाहीत, त्या आपल्याकडच्या मुलांची गोष्ट एमआयटीच्या पवन सिन्हांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून पुढे नेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ८ ते १७ वर्षांची पाच मुलं होती. दृष्टी आल्याबरोबर, हातानं चाचपलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी ओळखता येईना. काही दिवसांतच येऊ लागली. उशिरा उघडलेल्या डोळ्यांसाठीही मेंदू पुरता मिटलेला नसतो, हे कळलं तेव्हा मला भरून आलं होतं.

हुरहुर आहे ती एवढ्यासाठीच की त्या तळघरात कान आणि हात जागे होते. काचेच्या कडेची सावली आजच्या संगणकाच्या पडद्यावर पडलीच नसती. तिथं आधी आखलेलीच चित्रं येतात. म्हणून या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे : शेकडो पेशींचे आलेख संगणक काढीलच. तुम्ही निदान एका पेशीला स्पीकर जोडा, आणि यादीत नसलेल्या गोष्टी तिला दाखवून पाहा.